लेकीचं गाव मस्कत

मस्कत सोडून आम्ही लातुरात परतलो तेव्हा जो तो म्हणायचा, "बरं झालं माय, लेकरू आपल्या गावाला आलं." माझ्यापुरतं ते खरंच होतं. पण माझ्या लेकीचं गाव मस्कत. ती तिथं जन्मली, शुक्रवार-शनिवारची सुट्टी बघत वाढली, मत्रहच्या समुद्रकाठी धावायला शिकली. ओमानमध्ये जन्मलं म्हणून परक्याच्या लेकराला नागरिकत्व मिळत नाही. तिचा व्हिसा बापाच्या नोकरीवर. नोकरी संपली आणि बिऱ्हाड आवरावं लागलं. हे आम्हाला पहिल्यापासून ठाऊक होतं, तिला नव्हतं.

गावाची ओढ काय असते ते मला चांगलं माहीत आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. तिकडं आमच्या नळाला समुद्राचं पाणी गोडं करून यायचं, आणि इकडं आत्याबाई टँकरपुढं घागर घेऊन उभ्या. भांडी घासताना मला रडू आवरायचं नाही.

परतल्यावरची पहिली येळवस, म्हणजे वेळ अमावस्येचा सण, औशाजवळच्या आमच्या शेतात झाली. कडब्याची कोप, आत चुन्यानं रंगवलेले पाच पांडव, बिंदग्यात आंबील. आत्याबाईंनी लेकीला भज्जी वाढली. त्यात तुरीचे दाणे, वाटाणा, ओला हरभरा, सगळं शिवारातलं. वर बाजरीचा उंडा. ती जेवेना. मग आंबिलीचा एक घोट घेतला आणि डोळे मोठे करून म्हणाली, "आजी, हे लबनसारखं लागतंय!" लबन म्हणजे तिकडचं आंबट ताक.

"मग पी की आणखी. तुज्याच गावचं हाय," आत्याबाई म्हणाल्या. "तिकडं शेतं असत्यात का गं?"

इतक्या दिवसांत तिला असं कुणी विचारलंच नव्हतं. ती सुटलीच. निझव्याची खजुराची झाडं, डोंगराच्या पोटातून येणारं फलजचं, म्हणजे तिकडच्या पाटाचं पाणी, ते घ्यायची प्रत्येकाची ठरलेली वेळ. "म्हंजी पाळीच की!" आत्याबाईंना लगेच कळलं. पाण्याच्या पाळीवरून भावकीत झालेली भांडणं बघत त्यांचं आयुष्य गेलंय. पाळी चुकवली तर तिकडं काय करतात, हेही त्यांनी खोदून विचारलं.

दिवाळीच्या सुट्टीत मस्कतला जाऊन यायचं आम्ही ठरवलंय. आत्याबाईंनाही फलज बघायचाय. त्यांच्या पासपोर्टचा अर्ज कालच भरला.