मालगुडीचा भाडेकरू

आज पणजीत आर. के. नारायण यांच्या 'द मॅन-ईटर ऑफ मालगुडी' या कादंबरीवर (1961) मनसोक्त चर्चा झाली. त्यातला वासू नावालाच भाडेकरू, भाडं छदाम देत नाही. आधी माळ्यावर मुक्काम, मग पेंढा भरायला मारून आणलेली जनावरं, मग दुर्गंधी. वर छापखानेवाल्या नटराजवरच भाडे-नियंत्रण कार्यालयात तक्रार! गोव्यात खोली भाड्याने देणाऱ्यांनी हा क्रम जरूर वाचावा. करार नाही, पावती नाही, नुसती भीड. नटराज खरंच भला, पण तोंडावर 'नाही' म्हणणं त्याला जमत नाही आणि वासू तिथेच पाय पसरतो. देवळाच्या कुमार नावाच्या हत्तीवर वासूचा डोळा जातो, तेव्हा मात्र नटराजचा जीव कासावीस होतो. वासू मरतो कपाळावरचा डास मारताना, स्वतःच्याच हाताच्या फटक्याने. नटराजच्या छापखान्यातल्या शास्त्रीला आठवतो भस्मासुर. मला हा शेवट पूर्ण पटतो, कारण त्या हाताची ताकद नारायणांनी आधीच दाखवून ठेवली आहे.