गाडी घेताय, मग सोलर किती? तुम्ही विचारलंत म्हणून

बडोद्यात मांजलपूरच्या आमच्या घरी कुणी आलं आणि अंगणात चार्जिंगला लावलेली गाडी दिसली, की चहा होईपर्यंत प्रश्न येतोच : "काकू, आम्हीपण इलेक्ट्रिक घेतोय. सोलर किती किलोवॉटचं बसवू?"

मी उलट विचारते, गाडी महिन्याला किती किलोमीटर धावणार? बहुतेक जण बॅटरीचा आकडा सांगतात, नाहीतर चार्जरचा.

आम्हीही तिथेच अडकलो होतो. पहिल्यांदा आलेला सोलरवाला म्हणाला, चार्जर 7.2 किलोवॉटचा, तर पॅनलही तेवढे हवेत. मला ते पटेना. चार्जरचा किलोवॉट फक्त बॅटरी किती भराभर भरते ते सांगतो. घराला लागतात ते महिन्याचे युनिट.

मग मी वही काढली. मुलगा रोज वाघोडियाच्या कारखान्यात जातो, येऊन-जाऊन 45 किलोमीटर. रविवारचं फिरणं धरून महिन्याला 1200. आमची गाडी युनिटला 7 किलोमीटर देते, म्हणजे 171 युनिट. चार्ज करताना दहाएक टक्के वाया जातात, म्हणून 190 धरले. घराचं दोन महिन्यांचं लाइटबिल वर्षाच्या सरासरीने 480 युनिटचं, म्हणजे महिन्याला 240. एकूण 430.

बडोद्यात 1 किलोवॉटचे पॅनल वर्षाच्या सरासरीने दिवसाला साधारण 4 युनिट देतात, महिन्याला 120. भागाकार केला तर 3.6 किलोवॉट. आम्ही 540 वॉटचे 7 पॅनल लावले, 3.78 किलोवॉट. वर्षाची सरासरी मुद्दाम म्हणते. मे महिन्यात ऊन कडक असलं तरी पॅनल तापले की वीज थोडी घटते, आणि आषाढ-श्रावणात कित्येक दिवस निम्मीही मिळत नाही. एका महिन्याच्या आकड्यावर ठरवू नका.

पुढचा प्रश्न ठरलेला : ऊन असतं तेव्हा गाडी वाघोडियाला, मग उपयोग काय? नेट मीटर आहे ना. दिवसा वीज बाहेर जाते, रात्री परत घेतो. रोजच्या 45 किलोमीटरला 7 युनिट लागतात. ते पंधरा अँपिअरच्या साध्या पॉवर प्लगवर अडीच-तीन तासांत भरतात. मोठा चार्जर आम्ही घेतलाच नाही. मात्र शिल्लक युनिटला भाव फार कमी मिळतो, म्हणून गरजेपेक्षा मोठं बसवण्यात अर्थ नाही. पीएम सूर्यघर योजनेचं अनुदानही 3 किलोवॉटला 78,000 रुपयांवर थांबतं. आणि हो, लाइट गेली की हे सोलरही बंद पडतं. नाहीतर आपल्या पॅनलची वीज बाहेरच्या तारेत जाईल; तारेवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी ते तसंच असायला हवं.

सावलीकडे मात्र जिवापाड लक्ष द्या. शेजारच्यांच्या टाकीची सावली आमच्या एका कोपऱ्यात डिसेंबरात चारनंतर येते. एका पॅनलवर सावली पडली तरी त्याच्या ओळीतल्या बाकीच्यांनाही ती भोवते. तो कोपरा आम्ही मोकळाच ठेवला. पॅनल ज्यावर बसतात ते स्ट्रक्चरही आठ फूट उंच करून घेतलं, खर्च वाढला तरी. उत्तरायणाला अख्खं घर अगाशीवर असतं, पतंग उडवायला जागा नको का?

यायचं असेल तेव्हा वर्षभराची लाइटबिलं घेऊन या, आणि आत्ताची गाडी महिन्याला किती धावते ते मीटरवर बघून या. बसून हिशोब करू.