गोळ्या चालू असताना वाकलेली बोटं

कापूस वेचणीचा हंगाम ऐन भरात होता. अशा दिवसांत अमळनेर-पारोळा पट्ट्यात दवाखान्याची ओपीडी दुपारपर्यंत रिकामी असते. मजुरी किलोवर मिळते, तेव्हा रोज बुडवून ताप-खोकला दाखवायला कोण येणार? त्यामुळे सकाळीच एक तरणी बाई सासऱ्यांसोबत समोर येऊन बसली, तेव्हा दुखणं तिच्या कामाच्या आड येत असणार हे कळलंच. तिने उजवा हात टेबलावर ठेवला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळलेलं होतं.

"म्याडम, तुमन्या गोया खाईसन मना हात गया."

सासऱ्यांनी पिशवीतून पाकिटं काढली. कुष्ठरोगाच्या एमडीटीची, म्हणजे एकत्र द्यायच्या अनेक औषधांच्या उपचाराची होती, एक अर्धवट. श्रावणातल्या कानबाईच्या सणाच्या सुमारास दुसऱ्या एका दवाखान्यात उपचार सुरू झाले होते. लघवी लाल होईल, कातडी काळवंडेल, घाबरू नका, हे तिला नीट समजावलं होतं. नवरात्रात कोपरापासून कळा यायला लागल्या, बोटांतली ताकद गेली, बोंडातला कापूस चिमटीत धरवेना. घरी सगळ्यांचं एकच मत पडलं, गोळ्या बाधल्या. सासूबाईंनी गोळ्या बंद करायला लावल्या.

मला सासूबाईंचा राग आला नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर जे घडलं ते असंच होतं. गोळ्यांआधी सुनेच्या अंगावर फिकट, बधिर चट्टे होते, पण हात धडधाकट होता. गोळ्यांनंतर हात गेला. यातून दुसरा कोणता अर्थ त्यांनी काढायचा होता?

दंडावरचे आणि गालावरचे चट्टे पाहिले. ते आता फिकट राहिले नव्हते. लालबुंद, फुगलेले, हाताला गरम लागत होते. कोपराच्या आतल्या बाजूला हाडाच्या खोबणीत जी नस हाताला लागते, ती जाड झालेली होती, आणि नुसतं बोट टेकवताच तिने हात ओढून घेतला. दोन बोटांच्या मध्ये कागद धरायला सांगितला, तो अलगद निसटला. डोळे मिटायला लावून तळव्यावर बॉलपेनचं टोक टेकवत गेले. अंगठ्याकडे ती बरोबर जागा दाखवत होती, करंगळीकडे काहीच नाही. त्याच बाजूला तळव्यावर भाजल्याचा वाळलेला फोड होता. "हे कधी भाजलं?" विचारलं तर तिने फोड जणू पहिल्यांदाच पाहिला. भाकरी टाकताना तवा लागला असणार. गालावर चट्टा असल्याने डोळे घट्ट मिटतात का तेही पाहिलं. मिटत होते, आणि मला हायसं वाटलं. चेहऱ्याची नस गेली असती तर पापणी मिटली नसती आणि उघड्या राहिलेल्या डोळ्याला धोका झाला असता.

याला आम्ही रिॲक्शन म्हणतो. औषधाची ॲलर्जी ती वेगळी. इथे हात जायला गोळ्यांचा विषारीपणा कारण नव्हता आणि जंतूंचा जोर वाढला होता असंही नव्हतं. तिची स्वतःची प्रतिकारशक्ती जागी झाली होती.

कुष्ठरोगाचा जंतू, जो हॅन्सन यांनी १८७३ साली नॉर्वेत शोधला, तो फार सावकाश वाढतो. एकाचे दोन व्हायला बारा-चौदा दिवस लागतात. त्याला शरीराचे थंड भाग आवडतात, म्हणून तो कातडीत आणि कातडीलगतच्या नसांत घर करतो, तेही नसेच्या धाग्यांना गुंडाळून असलेल्या पेशींच्या आत. तिथे तो वर्षानुवर्षं फारसा गाजावाजा न करता राहू शकतो. पुढे काय होणार हे त्याच्यापेक्षा माणसाच्या शरीरावर जास्त अवलंबून असतं. काहींची प्रतिकारशक्ती या जंतूशी कडाडून लढते, मग चट्टे एक-दोनच उठतात. काहींची जवळजवळ गप्प बसते आणि जंतू अंगभर पसरतात. बहुतेक रोगी या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतात, आणि मधल्यांची स्थिती डळमळीत असते. औषधाने जंतू मरू लागले, त्यांचा भार हलका झाला, की इतके दिवस दबलेली प्रतिकारशक्ती उसळी घेऊ शकते. पांढऱ्या पेशी जंतूंच्या, मेलेल्या जंतूंच्या तुकड्यांच्याही, मागे लागतात. हे तुकडे बसलेले असतात नसेच्या आत. म्हणजे लढाई नसेतच होते.

जेल आणि कूम्ब्स या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९६३ साली अशा घातक प्रतिक्रियांचे चार प्रकार मांडले. ही चौथ्यातली, पेशींनी घडवलेली. कुष्ठरोगातच तिसऱ्या प्रकारातलीही एक रिॲक्शन होते. तिच्यात जंतूंचे अंश आणि अँटिबॉडी यांची जाळी जागोजागी अडकतात, ताप येतो, अंगावर दुखऱ्या गाठी उठतात, सांधे आणि डोळेही सुजतात. लहान मुलांच्या घशाच्या संसर्गानंतर कधी कधी हृदयाच्या झडपा खराब होतात, त्यामागेही शरीराचंच शस्त्र असतं. जंतू निघून गेलेला असतो, नुकसान मागाहून होतं.

हे सगळं त्या दोघांना कसं सांगायचं? तिच्या हातात काचेच्या बांगड्या होत्या. म्हटलं, "ताई, मनगट सुजलं तर बांगडी रुतते ना? तशी तुमच्या नसेवर एक घट्ट पिशवी आहे. आत सूज आलीय, पिशवी ताणली जात नाही, म्हणून नस चेपतेय. सूज उतरवायला हवी, आणि लवकर."

तिच्या सासऱ्यांचा, आबांचा, प्रश्न अगदी नेमका होता. "म्हणजे तिच्या अंगातली ताकदच तिला खातेय? मग ती ताकद मारायची का?"

मारायची नाही, काही आठवडे आवरायची. त्यासाठी प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइड. रोज ४० मिलिग्रॅमपासून सुरुवात आणि दर दोन आठवड्यांनी कमी करत बारा आठवड्यांत बंद. त्याआधी साखर, रक्तदाब, खोकल्याची चौकशी आणि जंताची गोळी, कारण प्रतिकार आवरला की लपलेला क्षयही डोकं वर काढू शकतो. हात आराम मिळेल अशा बेताने पट्टीवर बांधला. आणि सगळ्यांत कठीण गोष्ट सांगितली. एमडीटीच्या गोळ्या आजपासून पुन्हा सुरू करायच्या.

यावर दोघं गप्प झाले. ज्या गोळ्यांनी हात गेला असं घर मानतं, त्याच पुन्हा खायच्या. मी बंद केलेल्या गोळ्यांचाच पुरावा दिला. नवरात्रापासून एकही गोळी पोटात नाही, तरी हात सुधारला का? उलट आणखी वाकला. मेलेल्या जंतूंचे तुकडे शरीर हळूहळू साफ करतं, तोवर सूज राहू शकते. गोळ्या थांबवून ती थांबत नाही, वर उरलेल्या जिवंत जंतूंना मोकळं रान मिळतं. आबांनी पाकिटं परत पिशवीत नीट रचून ठेवली. तेव्हा कळलं, पटलंय.

मला वाईट याचं वाटतं की हे सगळं पहिलं पाकीट देतानाच दोन मिनिटांत सांगता येतं. लाल लघवीने कुणाचा हात जात नाही. चट्टा लाल होणं, नस दुखणं, नवी बधिरता, बोटात किंवा पावलात अशक्तपणा, डोळा न मिटणं, यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी या, हे वाक्य गोळ्यांइतकंच औषध आहे. नसेचं नुकसान सहा महिन्यांपेक्षा कमी जुनं असेल तर ते भरून येण्याची शक्यता चांगली असते. त्यापुढे शक्यता झपाट्याने कमी होते. कधी कधी नस न दुखताच मरत जाते, म्हणून तक्रार नसली तरी दर भेटीत हात-पाय-डोळे तपासायलाच हवेत.

ही बाई वेळेत आली. तीन आठवड्यांत चट्ट्यांची सूज उतरली, कोपराची कळ थांबली. स्टेरॉइड संपेपर्यंत करंगळी जवळजवळ सरळ झाली. शेजारचं बोट अजून थोडं वाकतं. बोटांत धरलेला कागद आता ओढावा लागतो. तळव्याच्या कडेची जाणीव पूर्ण आलेली नाही, त्यामुळे तवा कापडाने किंवा सांडशीने धरायचा आणि रोज झोपण्याआधी हात उजेडात बघायचा, हे तिला कायम करावं लागेल. एमडीटीची बाराही पाकिटं पूर्ण झाली. तरी तिला दर काही महिन्यांनी बोलावते, कारण औषध संपल्यानंतरही रिॲक्शन उठू शकते. मागच्या खेपेला ती शेतातून थेट आली होती आणि तपासणी लवकर आटपा म्हणत होती, संध्याकाळच्या वजनाआधी तिला परत वावरात पोहोचायचं होतं.