पॉलिश केलेला वाघोबा

गोरेगावातील एका स्नेह्यांच्या नव्या घरी दुपारच्या चहाला गेलो असता, टीव्हीच्या वर, खास त्याच्यासाठी सोडलेल्या दिव्याच्या झोतात एक वाघोबा, म्हणजे आदिवासींचा वाघदेव, उभा केलेला दिसला. सागाची हातभर रुंद फळी, तिच्यावर उठावात कोरलेला वाघ, वर सूर्य आणि चंद्र, खाली नाग. आणि या सगळ्यावर चकाकणारे पॉलिश. वाघोबाला पॉलिश करू नये, असा माझा एक हट्ट आहे. त्याला शेंदूर लावावा, पावसात उभे ठेवावे आणि वाळवीशी त्याचे त्याला पाहून घेऊ द्यावे.

वारली, कोकणा, महादेव कोळी यांच्या पाड्यांवर तो घरात नसतोच. तो शिवेवर, रानात शिरणाऱ्या वाटेवर, झाडाखाली असतो, कारण त्याचे काम तिथे असते. आश्विन वद्य द्वादशीला, म्हणजे आपण शहरात वसुबारसेची रांगोळी काढतो त्याच दिवशी, वाघबारशीला त्याच्यापुढे नारळ फुटतो, कोंबडे दिले जाते आणि गुरांना व गुराख्यांना वर्षभर सांभाळ, असे त्याला सांगितले जाते. ज्याची भीती वाटते त्यालाच राखणीला बसवण्याची ही युक्ती मला फार आवडते.

वडिलांची बदली जव्हारला झालेली असताना, जवळच्या पाड्यावर एका म्हाताऱ्यांना असा वाघ कोरताना मी पाहिले होते. फळी जमिनीवर आडवी, तिच्यावर एक पाय रोवलेला. वाकसाने आधी मोठे ढलपे उडवले आणि मग पटाशीने वाघाभोवतीचे लाकूड थोडे थोडे काढत नेले. पेन्सिलीची रेघ कुठेही नव्हती. शेपटी पाठीवरून थेट डोक्यापर्यंत आली, डोळ्यांच्या जागी दोन वाटोळे खळगे झाले आणि पाय तर शेळीचे वाटावेत इतके बारीक निघाले. शाळेच्या पुस्तकातला वाघ डोक्यात असल्यामुळे मी विचारले, "बाबा, वाघ असा असतो?" पटाशी न थांबवता ते म्हणाले, "मी बघला तवा असाच होता." यावर बोलण्यासारखे माझ्याजवळ काही नव्हते, कारण मी वाघ बघितलेलाच नव्हता.

आरे आणि त्याला लागून असलेले सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, इथल्या पाड्यांवरही वाघोबा आहेत. रानात पट्टेवाला वाघ आता नाही, पण बिबट्या रात्री अंगणापर्यंत येतो, त्यामुळे देवाचे काम काही सुटलेले नाही. फक्त काही ठिकाणी फळीच्या जागी चौथरा, फरशी आणि रंगवलेली मूर्ती आली आहे. ते पाहून हळहळणारे लोक बहुतेक माझ्यासारखे बाहेरचेच असतात. उद्यानातला साग तोडणे गुन्हा आहे आणि तो असायलाच हवा. मग जुनी फळी वाळवीने खाल्ल्यावर नवा वाघोबा कशाचा करायचा? वखारीतला सागाचा भाव ऐकल्यावर सिमेंटच बरे वाटत असणार.