काड आधी शिजवायचं कशाला?

‘काडात साखरच असते म्हणता, मग भिजवा, यीस्ट घाला आणि रसायन काढा. आधी आम्ल, वाफ, दाब हा खटाटोप कशाला?’ काडातल्या साखरेपासून रसायनं करण्याचं माझं काम कळलं की हा प्रश्न हमखास येतो. तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

साखर आहे, आणि भरपूर आहे. वाळलेलं काड किंवा चिपाड घेतलं तर त्याच्या वजनाचा निम्म्याहून मोठा भाग सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोजचा, म्हणजे साखरेच्या साखळ्यांचा असतो. पण झाडाने त्या उभं राहण्यासाठी आणि किडीपासून वाचण्यासाठी रचलेल्या आहेत. सेल्युलोजचे धागे एकमेकांना घट्ट बिलगलेले, भोवती हेमिसेल्युलोज, आणि सगळ्यात मुरलेलं लिग्निन, म्हणजे झाडाला कडकपणा देणारा चिवट पदार्थ. साखळ्या तोडणाऱ्या एन्झाइमला आत शिरायला वाटच नसते.

ही एन्झाइम्स आज बहुतेक ‘ट्रायकोडर्मा रीसाय’ या बुरशीकडून घेतात. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचं कापडी सामान कुजत होतं, त्यातून ती हाती आली. कापूस म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज, लिग्निन नाहीच, म्हणून तिथे तिला मोकळं रान मिळालं. काडाला त्या कापसाच्या जवळ नेणं, एवढंच आमच्या पूर्वप्रक्रियेचं, म्हणजे त्या आम्ल-वाफ-दाबाच्या खटाटोपाचं काम.

आणि खरी कसोटी आहे ती वेळेवर थांबण्याची. साधारण 1 टक्का सल्फ्युरिक आम्लात काड 160 अंश सेल्सियसला ठेवलं की काही मिनिटांत हेमिसेल्युलोज सुटून त्यातली झायलोज नावाची साखर पाण्यात उतरते. आणखी रेंगाळलात तर त्याच झायलोजचं फरफ्युरल हे यीस्टला विषारी रसायन होतं. भांडं उघडताच कळतं: कडू बदामासारखा वास, त्यात ॲसेटिक आम्लाचा नाकात झोंबणारा दर्प, आणि गडद तपकिरी रस. त्या रसात यीस्ट सोडलं तर बराच वेळ बुडबुडा नाही. यीस्ट आधी फरफ्युरलचं कमी विषारी अल्कोहोल करत बसतं, मग साखरेकडे वळतं. फरफ्युरल फारच असेल तर ते मरतं. म्हणून ‘आम्ही इतके टक्के साखर काढली’ हा आकडा मला एकटा कधीच पुरत नाही. त्या रसात जीव कसा वाढला, ते आधी दाखवा.

कोणता जीव, हेही महत्त्वाचं. नेहमीचं यीस्ट झायलोज आंबवतच नाही, त्यासाठी जनुकं बदललेली जात लागते. लॅक्टिक आम्ल करणाऱ्या जिवाणूंसाठी मी बऱ्याचदा कॉस्टिक सोडा पसंत करते: लिग्निन निघून जातं आणि फरफ्युरल जवळपास होतच नाही. मात्र नंतर काड धुवायला पाणी अतोनात लागतं आणि सोडा परत मिळवायचा खर्च वेगळा. प्रयोगशाळेच्या बाटलीत हे जाणवत नाही, कारखान्यात सगळा हिशोब तिथेच अडतो.