हॉटडॉगची वही, नोंद सातवी: सिनसिनाटीची चिली जमली

अमेरिकेतल्या ठिकठिकाणचे हॉटडॉग घरी करून बघायची ही वही दोन महिने पुढे सरकली नव्हती, कारण सिनसिनाटीच्या हॉटडॉगवर घालायची चिली, म्हणजे मसालेदार खिम्याचा सॉस, जमत नव्हती. शनिवारी चौथ्यांदा केली आणि जमली. आधीच्या तीन खेपा का फसल्या ते आधी सांगतो, कारण आपल्यापैकी बहुतेकांचा हात तिकडेच जाणार.

खिमा म्हटलं की आपण कांदा लाल करतो आणि त्यावर खिमा परततो. इथे परतायचंच नाही. कच्चा बीफ खिमा थंड पाण्यात घालायचा, बोटांनी पूर्ण मोडायचा आणि मगच गॅस पेटवायचा. सुरुवातीला पाणी करडं, गढूळ दिसतं. दिसू द्या. मंद आचेवर तीन तासांनी दाणा जाड्या रव्याएवढा होतो आणि चिली सॉसेजवर पसरून बसते. परतलेल्या खिम्याच्या गाठी राहतात आणि पहिल्या घासालाच घरंगळतात. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून सकाळी वर गोठलेली चरबी काढायची. मी चमचाभर राहू दिली, तेवढी हवीच.

मसाल्यात दालचिनी, लवंग, ऑलस्पाइस (लवंग-दालचिनीसारख्या वासाची, मिरीएवढी वाळलेली फळं), जिरं, तिखट, तमालपत्र, शेवटी व्हिनेगर. ही टेक्सासची चिली नव्हे. मॅसिडोनियातून आलेल्या किराजिएफ बंधूंनी १९२२ मध्ये सिनसिनाटीत ‘एम्प्रेस’ हे चिलीचं हॉटेल सुरू केलं, तिथून ही चव शहरभर गेली. ‘स्कायलाइन’ हे तिथलं दुसरं चिलीचं हॉटेल १९४९ चं, ते एका ग्रीक कुटुंबाने सुरू केलं. वास आपल्या गरम मसाल्याच्या इतका जवळचा की दुसऱ्या खेपेला मी धणेपूड घातली होती. घालू नका, चव थेट आपल्या खिम्याकडे वळते.

चिली करण्याआधी कोलंबसहून पावणेदोन तास गाडी हाकून सिनसिनाटीत मूळ पदार्थ खाऊन आलो. चीज कोनी हा तिथला हॉटडॉग, म्हणजे वाफवलेला पाव, छोटं सॉसेज, मस्टर्ड, चिली, बारीक कांदा आणि वर केसासारख्या किसलेल्या चेडरचा ढीग. शेजारच्या टेबलावर ‘थ्री-वे’ होतं: स्पगेटी, चिली, चीज. कांदा किंवा बीन्स वाढवले की फोर-वे, दोन्ही घातले की फाइव्ह-वे. तिथली माणसं स्पगेटी काट्याला गुंडाळत नाहीत, काट्याच्या कडेने कापून खातात. ऑयस्टर क्रॅकरला, म्हणजे छोट्या गोल खारट बिस्किटाला, भोक पाडून त्यात हॉट सॉसचा थेंब सोडायची पद्धतही तिथेच पाहिली, आणि आता घरी मुलंही तेच करतात.

पावाचा प्रश्न मोदकपात्राने सोडवला. चाळणीत ओलं फडकं, त्यावर पाव, दीड मिनिट. शिकागोच्या नोंदीतला खसखशीचा पावही आता असाच करतो. काळी खसखस लागते, आपली पांढरी चालत नाही, दाताखाली फरक कळतो.

मिशिगन राज्यातल्या हॉटडॉगचं काम अर्धंच झालंय. डेट्रॉइटची पातळ चिली मला जमते. फ्लिंटची कोरडी असते, तिच्यात गाईचं हृदय बारीक दळून घालतात. खाटकाला सांगून ठेवलंय.

त्यानंतर ऱ्होड आयलंडचा हॉट वीनर. त्याला तिथे हॉटडॉग म्हणायचं नाही. मस्टर्ड, बीफ खिम्याचा सॉस, कांदा आणि सेलरी सॉल्ट (सेलरीच्या बिया दळून घातलेलं मीठ), हे सगळं घातलं की ‘ऑल द वे’. लांब माळेतून कापलेला असल्याने त्याची टोकं सपाट असतात. तसं सॉसेज इथे मिळालं नाही, म्हणून सॉसेज भरायचं लांब नैसर्गिक आवरण (आतड्याचं) मागवलंय. पुढच्या महिन्यात भरायला बसतो.