वाय-फाय दिसत नाही? आधी नेमकं काय दिसत नाही ते बघा

'कॉम्प्युटरला वाय-फाय दिसत नाही' ही तक्रार एकच असली तरी दुखणी दोन असतात. एकात कॉम्प्युटरला स्वतःचं वाय-फाय कार्डच, म्हणजे वाय-फाय पकडणारा भागच, सापडत नाही. दुसऱ्यात कार्ड ठणठणीत असतं, शेजारपाजारची सगळी नेटवर्कं यादीत असतात, फक्त आपल्याच घरचं नाव गायब. पहिल्या दुखण्यात राउटर दहा वेळा बंद-चालू केला तरी काडीचा फरक पडत नाही. म्हणून आधी घड्याळाशेजारच्या नेटवर्कच्या चिन्हावर क्लिक करा.

तिथे वाय-फायचं बटणच नसेल तर स्टार्टवर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि 'नेटवर्क अडॅप्टर्स' बघा. कार्डावर खाली तोंड केलेला छोटा बाण म्हणजे कुणीतरी ते बंद करून ठेवलंय. राइट क्लिक, 'एनेबल', विषय संपला. पिवळा त्रिकोण म्हणजे कार्ड आहे पण सुरू होत नाही. 'अदर डिव्हायसेस'खाली 'नेटवर्क कंट्रोलर' असं मोघम नाव दिसलं तर ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, नाही. विंडोज नव्याने टाकल्यावर हे बऱ्याचदा होतं. आणि कुठेच काही नसेल, तर कार्ड सैल झालंय, मेलंय किंवा अडकून बसलंय.

अडकलेलं कार्ड सोडवायला कॉम्प्युटर शट डाउन करा, प्लग भिंतीतून काढा, पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरा, मग प्लग लावून सुरू करा. नुसत्या शट डाउनने भागत नाही, कारण प्लग लावलेला असेपर्यंत मदरबोर्डला थोडी वीज मिळतच राहते. शिवाय विंडोजमधल्या 'फास्ट स्टार्टअप'मुळे शट डाउन अर्धवटच होतं. पूर्ण नव्याने सुरुवात रीस्टार्टने होते. नावं उलटी वाटतात खरी, पण आहे असंच.

ड्रायव्हर हवा आणि नेट नाही, ही कोंडी मोबाइलने फोडता येते. अँड्रॉइड फोन केबलने जोडून 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. विंडोजला ते वायरचं नेट वाटतं. केबल डेटाची हवी, नुसत्या चार्जिंगची चालत नाही. ड्रायव्हर लॅपटॉपच्या किंवा मदरबोर्डच्या कंपनीच्या साइटवरून, मॉडेल नंबर टाकूनच घ्या. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर' म्हणणाऱ्या सॉफ्टवेअरच्या वाटेला जाऊ नका.

स्वस्त यूएसबी डोंगलची (बाहेरून लावायच्या वाय-फाय कार्डाची) गंमत वेगळी. त्यातले काही आधी सीडी ड्राइव्ह म्हणून दिसतात, कारण ड्रायव्हर त्यांच्या पोटातच असतो. सेटअप चालवा, तरीही ड्राइव्हच दिसत राहिला तर त्यावर राइट क्लिक करून 'इजेक्ट' करा, की तो वाय-फाय कार्ड म्हणून उगवतो. डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर वाय-फाय असेल तर मागच्या दोन पितळी पेचांवर अँटेना आहेत का, तेही बघा. त्या खोक्यातच राहिल्या असतील, तर राउटर शेजारी असल्याशिवाय काही पकडत नाही.

आता दुसरं दुखणं. मोबाइलला घरचं नेटवर्क दिसतं, कॉम्प्युटरला नाही. इथे अनेकदा चॅनेल, म्हणजे राउटर ज्या ठरावीक लहरीवर बोलतो तिचा क्रमांक, आडवं येतं आणि नेमकं तेच सहसा कुणी तपासत नाही. भारतात २.४ गिगाहर्ट्झवर १ ते १३ चॅनेल चालतात, अमेरिकेसाठी सेट केलेली कार्डं मात्र ११ पर्यंतच बघतात. राउटर 'ऑटो'वर असेल आणि गर्दी टाळायला १२ किंवा १३ वर गेला, की अशा कार्डापुरतं नेटवर्क नाहीसं. उद्या राउटर पुन्हा ६ वर आला की सगळं आपोआप सुरळीत! म्हणून 'कधी दिसतं, कधी नाही' असं ऐकलं की पहिला संशय चॅनेलवर घ्यावा. मोबाइलवरून राउटरचं पान उघडा (बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, पत्ता आणि पासवर्ड राउटरच्या खालच्या स्टिकरवर असतो) आणि चॅनेल १, ६ किंवा ११ वर पक्कं करा.

नाव सतत गायब असेल तर बँड बघा, म्हणजे नेटवर्क २.४ गिगाहर्ट्झवर आहे की ५ वर. जुनी कार्डं फक्त २.४ वाली असतात, त्यांना ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क दिसणं शक्यच नाही. राउटरवर २.४ बंद केलेलं असेल तर चालू करा.

राउटर नवा, वाय-फाय ६ चा आणि लॅपटॉप काही वर्षं जुना असेल तर आणखी एक शक्यता उरते. इंटेलच्या जुन्या कार्डांना जुन्या ड्रायव्हरवर वाय-फाय ६ चं नेटवर्क यादीत दिसतच नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये 'एएक्स' मोड (वाय-फाय ६ चंच तांत्रिक नाव) तात्पुरता बंद करून बघा. लगेच नाव उगवलं तर दोष ड्रायव्हरचा. नवा टाका आणि 'एएक्स' पुन्हा चालू करा.